वाचकांचे प्रश्न : दुरून नोड सांभाळताना

प्रश्न : इंदूरला आमच्या महाविद्यालयात 16 नोडचा क्लस्टर (एकत्र काम करणारे 16 सर्व्हर) आहे. परवा पावसात लाइट गेली, थोड्या वेळाने आली. तेव्हापासून पाच नोडचे बीएमसी (सर्व्हर दुरून सांभाळू देणारा बोर्डावरचा भाग) आयपीएमआयटूलला (आयपीएमआय या पद्धतीने बीएमसीशी बोलणाऱ्या कमांडला) उत्तर देत नाहीत. नोड चालू आहेत, एसएसएचने (नेटवर्कवरून) लॉगिनही होतं. बीएमसी जळाले असतील का? – एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : नोड धडधाकट असताना पाच बीएमसी एकाच वेळी जळणं अवघड आहे. आधी संशय घ्या तो लॅन पोर्टवर. बीएमसी हा बोर्डावरचा वेगळा छोटा संगणक. केबलमधून स्टँडबाय वीज मिळाली की तो लगेच सुरू होतो, सर्व्हर बंद असला तरी. काही बोर्डांवर त्याचं नेटवर्क ‘फेलओव्हर’वर ठेवलेलं असतं. म्हणजे सुरू होताना स्वतःच्या पोर्टवर लिंक दिसली तर तो पोर्ट वापरायचा, नाहीतर सर्व्हरच्या पहिल्या लॅन पोर्टवर जायचं. लाइट आल्यावर नेटवर्क स्विचला उठायला वेळ लागतो. तेवढ्यात बीएमसीला लिंक दिसत नाही, आणि तो दुसऱ्या पोर्टवर जाऊन बसतो. ज्यांना स्विच वेळेत सापडला ते अकरा सुटले.

खात्री करायला त्या नोडवर लॉगिन करून आयपीएमआयटूल होस्टचं नाव न देता चालवा आणि ‘लॅन प्रिंट 1’ मागा. आयपीएमआयचे ड्रायव्हर लोड झालेले हवेत. आयपी आणि मॅक पत्ता (नेटवर्क पोर्टचा कायमचा क्रमांक) आला तर बीएमसी जिवंत आहे. तोच मॅक पत्ता स्विचच्या यादीत कोणत्या पोर्टवर दिसतो ते बघा. सर्व्हरच्या लॅन पोर्टच्या जागी दिसला की चोर सापडला. मग बायोसमध्ये किंवा बीएमसीच्या वेब पानावर सेटिंग ‘डेडिकेटेड’ करा आणि ‘एमसी रीसेट कोल्ड’ द्या. यात फक्त बीएमसी पुन्हा सुरू होतो, चालू जॉबला धक्का लागत नाही. एक-दोन मिनिटं थांबा. हे सेटिंग बदलणाऱ्या ‘रॉ’ (थेट आकड्यांत दिलेल्या) कमांड एका बोर्डाच्या दुसऱ्यावर कधीही चालवू नका, प्रत्येक कंपनीचे आकडे निराळे असतात.

स्थानिक कमांडलाही उत्तर नसेल तर बीएमसी स्वतःच अडकला आहे. अशा वेळी सर्व्हर नुसता बंद करून उपयोग नाही, कारण स्टँडबाय वीज चालूच राहते. सर्व्हर रीतसर बंद करा, दोन्ही पॉवर सप्लायच्या केबल काढा, अर्धा मिनिट थांबून लावा.

पिंग लागतो पण सेशन जुळत नाही, ही तक्रार वेगळी. जुन्या बीएमसीला नव्या आयपीएमआयटूलचा सायफर 17 (सेशन सुरक्षित करायची पद्धत) कळत नसेल तर ‘मायनस सी 3’ देऊन बघा. खातं ऑपरेटर दर्जाचं असेल तर ‘मायनस एल ऑपरेटर’ लिहावं लागतं, एरवी टूल अॅडमिनिस्ट्रेटरचा हक्क मागतं आणि नकार मिळतो. पासवर्ड 20 अक्षरांच्या आतच ठेवा.

प्रश्न : अडकलेल्या नोडला ‘पॉवर सायकल’ दिली, टूलने होकार दिला, नोड उठलाच नाही. असं का?

उत्तर : तो होकार म्हणजे निरोप पोचल्याची पावती, काम झाल्याची नव्हे. नोड आधीच बंद असेल तर ‘सायकल’ने काही होत नाही, तिथे ‘पॉवर ऑन’ हवं. म्हणून आधी ‘पॉवर स्टेटस’ विचारा, हुकूम द्या, दहा सेकंदांनी पुन्हा विचारा. ‘पॉवर सॉफ्ट’ नीट शटडाउन करवतं, पण ऑपरेटिंग सिस्टीम शुद्धीवर असेल तरच. आणि सगळ्याआधी स्लर्ममध्ये (नोडना जॉब वाटणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नोड ‘ड्रेन’ करा, म्हणजे नवे जॉब थांबवा, कारणासकट. नाहीतर नोड उठताच नवा जॉब त्याच्यावर येऊन आदळतो. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) का पडला हे बघायचं असेल तर सायकलच्या आधी ‘सोल अॅक्टिव्हेट’ने सिरियल कन्सोल (नोडच्या पडद्यावरच्या ओळी दुरून दाखवणारी खिडकी) उघडून ठेवा. हे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण शेवटच्या ओळी एकदा गेल्या की गेल्याच.

प्रश्न : लाइट आली की एमसीबी पडतो. ‘पॉवर पॉलिसी’ (लाइट आल्यावर सर्व्हरने आपोआप चालू व्हायचं की नाही हे सेटिंग) बदलून थांबेल का?

उत्तर : एमसीबी कधी पडतो त्यावर आहे. लाइट येताक्षणी पडत असेल तर सगळ्या सप्लायचे कपॅसिटर एकदम भरताना ओढलेला करंट कारण आहे. तिथे पॉलिसी काही करू शकत नाही. सर्किट वाटून घ्या, किंवा आउटलेट एकामागून एक चालू करणारा पीडीयू (रॅकमधली वीज वाटणारी पट्टी) लावा. बी कर्व्हचा एमसीबी त्यावर लिहिलेल्या करंटच्या तिप्पट ते पाचपटीला तत्काळ पडतो, सी कर्व्हचा पाच ते दहापट. पण बदल वायरिंग बघून इलेक्ट्रिशियननेच करावा. काही वेळाने पडत असेल तर सगळे नोड एकदम बूट होतात, पंखे पूर्ण वेगाने फिरतात, तो भार आहे. तेव्हा ‘चॅसिस पॉलिसी ऑलवेज-ऑफ’ ठेवा. आधी स्विच आणि स्टोरेज, मग हेड नोड (क्लस्टर सांभाळणारा मुख्य सर्व्हर), मग बाकीचे दोन-दोन करून, मध्ये वीस सेकंद सोडून चालू करा.

प्रश्न : घरून कमांड देता याव्यात म्हणून बीएमसीला पब्लिक आयपी द्यावा का?

उत्तर : अजिबात नाही. आयपीएमआय 2.0 च्या रचनेतच खोट आहे : खात्याचं नाव बरोबर दिलं की लॉगिन होण्याआधीच बीएमसी पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून बनवलेला सांकेतिक ठसा) देऊन टाकतो. तो घरी बसून फोडता येतो, आणि यावर पॅच नाही. बीएमसीसाठी वेगळा व्हीलॅन (स्विचवरचं वेगळं नेटवर्क) करा, व्हीपीएनने आत या, यूडीपी 623 हा आयपीएमआयचा पोर्ट बाहेरून बंद ठेवा. सायफर झीरो चालू असेल तर तोही आजच बंद करा, त्यात पासवर्ड तपासलाच जात नाही.