निपाणीच्या ताईंना: विजया तेल मागवण्याआधी

ताई, पाळी जाऊन वर्ष झालं, संबंधाच्या वेळी आग होते, मिस्टरांना सांगायची लाज वाटते आणि पुण्याच्या मैत्रिणीने सुचवलेलं विजया तेल मागवू का, असं तुम्ही विचारलंय. खानापूर तालुक्यात राहून मी हे सगळं काढलंय, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, वकील तर नाहीच. माझ्या शब्दावर औषध घेऊ नका.

विजया म्हणजे भांग, हे तुम्हाला ठाऊक असणारच. कायद्याचं थोडक्यात सांगते. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात चरस येतो आणि गांजा, म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं त्या व्याख्येत नाहीत. २०२२ साली आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयानेही एका जामिनाच्या प्रकरणात भांगेबद्दल हेच म्हटलं. पण राज्याचा अबकारी कायदा वेगळा असतो, त्यामुळे सुटी भांग घरात आणूच नका. आणि कुणी ओळखीचा गोव्याकडच्या चोर्ला घाटातून पुडी आणून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. गोव्यातही १९८५ चा हाच अंमली पदार्थ कायदा आहे. वैद्यांच्या चिठ्ठीवरचं, परवाना असलेल्या कारखान्याचं बंद बाटलीतलं औषध आणि ती पुडी एका पंगतीत बसत नाहीत.

आता मला सगळ्यात महाग पडलं ते. माझं औषध चिठ्ठीवरचंच होतं, महाराष्ट्रातून येणार होतं. ते एका कार्यालयात अडकलं. कुठल्या ते लिहीत नाही. मी चिठ्ठी घेऊन गेले, तर चिठ्ठी मराठीत आहे, कन्नडमध्ये लिहून आणा म्हणाले. बरं, तेही समजून घेतलं असतं. पण तिथल्या माणसाने किल्लीच्या टोकाने खोक्याची पट्टी फाडली, बाटली ट्यूबलाइटसमोर धरली आणि लेबल मोठ्याने वाचलं. मग विचारलं, “हे कुणाला? कशासाठी?” मागे रांग होती, रांगेत आमच्याच गल्लीतल्या दोघी होत्या. मला तोंडातून शब्द काढता येईना. बाटली ठेवून घेतली ती परत मिळालीच नाही, पावतीसुद्धा दिली नाही.

संध्याकाळपर्यंत जावेला कळलं होतं. नवऱ्याने ते माझ्याकडून नाही, बाहेरून ऐकलं. त्यानंतर त्यांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं आणि मी डॉक्टरकडे जायचंच सोडून दिलं. कितीतरी महिने तसेच गेले. पैसे गेल्याचं मला काही नाही वाटत, पण ते महिने कोण भरून देणार? बाईच्या शरीराबद्दल रांगेसमोर प्रश्न विचारायचा अधिकार त्या माणसाला कुणी दिला, हा राग अजून जात नाही. म्हणून सांगते, पार्सलच्या नादाला लागू नका. बेळगावात आयुर्वेद महाविद्यालय आहे, पदवीधर वैद्य आहेत. त्यांना समोरासमोर दाखवा, औषध तिथेच घ्या, चिठ्ठीवर नाव, तारीख, नोंदणी क्रमांक आणि शिक्का बघूनच बाहेर पडा.

पण त्याच्याही आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, हे माझं ठाम मत आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, आतली त्वचा पातळ आणि कोरडी पडते, आग त्यामुळे होते. लघवीला जळजळ असेल तर तीही यातलीच असू शकते. माझी आग डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या इस्ट्रोजेनच्या क्रीमने आणि पाण्याच्या जेलने गेली, तीही हळूहळू, काही आठवड्यांनी. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल तर ते त्यांना आधी सांगा.

मग विजयाचा काही उपयोग नाही का? आहे, पण वेगळा. पुढे वैद्यांच्या देखरेखीखाली मी ते थोड्या मात्रेत घेतलं. माझी भीती सैल झाली, झोप लागायला लागली. दुखेल दुखेल म्हणून अंग आधीच आवळून धरायचे, ते कमी झालं. कोरडेपणा त्याने गेला नाही. अमेरिकेत २०१९ साली एका दवाखान्यातल्या ३७३ बायकांची पाहणी छापून आली होती. संबंधाआधी गांजा घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींनी सुख वाढल्याचं सांगितलं. पण तो त्यांनी स्वतः सांगितलेला अनुभव आहे, औषधाची चाचणी नव्हे. मात्रा वाढली की उलटं होतं, छाती धडधडते, घाबरं होतं. पोटातून घेतलेलं चढायला तास-दीड तासही लागतो, म्हणून “काहीच झालं नाही” म्हणत वर दुसरा डोस कधीच घेऊ नका. बीपीच्या, झोपेच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या पिशवीत घालून वैद्यांसमोर ठेवा. हृदयाचा किंवा मनाचा जुना आजार असेल तर यात पडूच नका.

जाता जाता एक. ऑनलाइन “हेम्प ऑइल” म्हणून हजारो रुपयांना मिळतं ते पुष्कळदा नुसतं भांगेच्या बियांचं तेल असतं. २०२१ पासून ते खाद्यपदार्थ म्हणून विकायला परवानगी आहे, खाण्यात चालेल, या कामाला नाही. आणि खोक्यावर “कामसुख वाढवते” असं छापलेलं असेल तर ते घेऊच नका, १९५४ च्या कायद्याने तशी जाहिरात करायलाच बंदी आहे. कुठलंही तेल लावलं तर निरोध फाटू शकतो, हेही लक्षात असू द्या.

मिस्टरांना मात्र आजच सांगा, त्यांनी बाहेरून ऐकायच्या आत. काय त्रास होतो, कधी होतो, काय केलेलं चालतं, एवढंच. आणि औषध घेतलेल्या रात्री डोकं जड झालं, नको वाटलं तर थांबायचं, हे दोघांनी आधीच ठरवून ठेवा. आमच्याकडे पुढे खरा त्रास काय ते कळल्यावर हे स्वतः गाडी काढून मला डॉक्टरकडे घेऊन गेले. तपासणीला जाताना कोणते प्रश्न विचारायचे ते हवं असेल तर विचारा, मी लिहून देते.