तेलगळती आवरायची तर आधी पंप शीक

तुझं पत्र वाचलं. तू रत्नागिरीत बारावी सायन्सला आहेस. मे 2025 मध्ये कोचीजवळ एमएससी एल्सा 3 हे जहाज बुडालं, तेव्हापासून तेलगळती साफ करण्याच्या कामात जायचं तुझ्या मनात आहे, आणि त्यासाठी मरीन बायॉलॉजी घेऊ का, असं तू विचारतोस. माझं मत स्पष्ट आहे: आधी मेकॅनिकलचा विचार कर. जीवशास्त्र नुकसान मोजायला हवंच, पण पाण्यावरचं तेल उचलतात ते पंप, हायड्रॉलिक्स आणि टाक्या.

तेल पसरू नये म्हणून बोटी बूम टाकतात: वर तरंगता पट्टा, खाली पाण्यात लोंबणारी झालर. बूमवर काटकोनात येणारा प्रवाह साधारण 0.7 नॉटच्या (ताशी सुमारे 1.3 किलोमीटरच्या) वर गेला की तेल झालरीखालून निसटतं. म्हणून खाडीच्या मुखाशी बूम तिरका लावतात आणि तेल कडेच्या संथ पाण्याकडे वळवतात. तिथे स्किमर, म्हणजे पाण्यावरचं तेल ओढून घेणारं यंत्र, ते उचलतो. पातळ तेलाला चकत्यांचा स्किमर चालतो, घट्ट फर्नेस ऑइलला ब्रशचा लागतो. प्लास्टिकचा कचरा आत गेला की पंप तुंबतो, आणि आपल्या खाड्यांत कचऱ्याला तोटा नाही.

खरी अडचण पुढेच आहे. लाटांत घुसळून तेलात पाणी शिरतं आणि चॉकलेटी लगदा होतो. त्यात 75 टक्के पाणी असेल तर आकारमान चौपट, म्हणजे 100 टन तेलाला 400 टनांची साठवण हवी. टाकी भरली की चालू स्किमरही बंद ठेवावा लागतो. जानेवारी 2017 मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा किनाऱ्यावरचा असा लगदा पंपांना पेलेना आणि माणसांना तो बादल्यांनी उपसावा लागला. ही वेळ येऊ न देणारे तंत्रज्ञ आपल्याला हवे आहेत.

तेलाचे बारीक थेंब करून ते फोडणारं रसायन साधारण 20 भाग तेलाला एक भाग या मापाने फवारतात. ते ताज्या तेलावरच चालतं. उथळ पाण्यात आणि कांदळवनाजवळ ते टाळतात. कांदळवनात तर माणसांची वर्दळही नको, कारण पायांनी तेल चिखलात खोल जातं.

आता वाटा. देशात या कामाचा समन्वय भारतीय तटरक्षक दलाकडे आहे. तिथे बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र असेल तर नाविक, डिप्लोमानंतर यांत्रिक, पदवीनंतर असिस्टंट कमांडंट. बंदरं आणि तेल कंपन्यांना स्वतःची प्रतिसाद पथकं ठेवावी लागतात. ती बरेचदा कंत्राटदार चालवतात. तिथे ओपीआरसी, म्हणजे तेलगळती हाताळण्याचा कोर्स विचारतात: लेव्हल 1 प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना, लेव्हल 2 पर्यवेक्षकांना, लेव्हल 3 वरिष्ठ व्यवस्थापकांना. नोकरीआधी स्वतःच्या खिशातून हा कोर्स करू नकोस. मुलाखतीत विचार की कंपनी तो करून देते का.

रसायनशास्त्राची खरी आवड असेल तर एम.एस्सी.पर्यंत जा. तवंगाचा नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या पद्धतीने, तपासून तो कोणत्या जहाजाचा, हे शोधता येतं. गणित आणि प्रोग्रॅमिंग जमत असेल तर समुद्रविज्ञान घे: तवंग कुठे वाहत जाईल याचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी संस्था देते.

मात्र कुठलीही वाट धरलीस तरी पोहायला यंदाच शीक.