ओपन बाइटचं ऑपरेशन केल्यावर दात पुन्हा उघडतात का?

ताई, मुलगी वीस वर्षांची, दाढा मिटल्या तरी वरच्या-खालच्या पुढच्या दातांत मोठी फट राहते (यालाच ओपन बाइट म्हणतात), सर्जननी वरचा जबडा मागच्या बाजूने वर उचलायला सांगितलाय आणि जाऊबाई म्हणतात की चार-पाच वर्षांत सगळं पुन्हा उघडतं, पैसे वाया. जाऊबाई अगदीच खोटं बोलत नाहीत, पण सगळ्यांना एकाच मापाने मोजतायत.

दाराच्या बिजागरीपाशी खडा अडकला की पुढे दार किती उघडं राहतं, ते आठवा. ओपन बाइटमध्ये बऱ्याचदा वरच्या दाढा जास्त खाली उतरलेल्या असतात, तोच हा खडा. मागे एक मिलिमीटर कमी केला की खालचा जबडा आपसूक वर फिरतो आणि पुढची फट साधारण दोन-तीन मिलिमीटरने मिटते. वरचा जबडा वर सरकवून टायटॅनियमच्या प्लेटांनी बसवणं, ही जबड्याच्या ऑपरेशनांतली सर्वांत टिकाऊ हालचाल मानतात. म्हणून तुमच्या सर्जननी सुचवलेली दिशा मला पटते.

आकडा हवा असेल तर, २०११ मध्ये जुन्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला होता. वर्षभर किंवा जास्त काळ गेल्यावरही पुढचे दात एकमेकांवर येणारे पेशंट ऑपरेशनवाल्यांत सुमारे ८२ टक्के, दातांना नुसत्या तारा लावलेल्यांत ७५. फरक एवढाच कसा, असं वाटेल. पण ऑपरेशनपर्यंत मुळात अवघड केसेसच जातात, त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून तारांनीच भागेल असं ठरवू नका.

आता बिघडतं कुठे, ते बघा. वरचा जबडा अरुंद म्हणून त्याचे तुकडे करून रुंद करणार असतील, तर ती रुंदी टिकवणं सर्वांत कठीण. ती आकसली की दाढा टोकावर टोक येतात आणि पुढे फट दिसायला लागते. दुसरं, ऑपरेशनआधी रबर बँड लावून पुढचे दात खाली ओढून फट लहान केलेली असेल, तर ते दात नंतर मागे फिरतात. ऑर्थोला, म्हणजे तारा लावणाऱ्या डॉक्टरांना, थेट विचारा, "आधी पुढचे दात खाली ओढणार आहात का?" चांगले डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाहीत.

माझ्या मते खरी धास्ती जबड्याच्या सांध्याची. तरुण मुलींत कधीकधी सांध्याचं हाड हळूहळू झिजतं, हनुवटी मागे जाते आणि फट वाढत राहते. ही झीज चालू असताना ऑपरेशन केलं तर कितीही सफाईदार काम असो, टिकत नाही. मुलीची फट लहानपणापासून तेवढीच आहे की गेल्या दोन-तीन वर्षांत वाढली? तोंड उघडताना कानापाशी कट-कट किंवा दुखणं? वाढली असेल तर घाई नको. जुने एक्स-रे शोधून नव्यांशी ताडून बघायला सांगा, गरज वाटली तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्री-डी स्कॅन, करतील. पुण्याला किंवा बेळगावला दुसरं मत घ्यायला गेलात तर हे सगळं सोबत न्या, नाहीतर तिथे पहिल्यापासून सुरुवात होते.

जिभेवरून लोक फार घाबरवतात. गिळताना जीभ पुढे येते त्यापेक्षा दिवसभर ती दातांत विसावते का, हे महत्त्वाचं. फट मिटल्यावर बऱ्याच जणांची जीभ आपोआप जागेवर येते, नाही आली तर व्यायाम असतात. मात्र नाक चोंदलेलं राहून तोंडाने श्वास चालू असेल, तर आधी कान-नाक-घसावाल्यांना दाखवा.

माझं ऑपरेशन होऊन दहा-बारा वर्षं झाली. दात किंचित हलले, पण भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तुटतो. जो काही बदल झाला तो बहुतेक पहिल्या वर्षातच, म्हणून त्या काळात तपासण्या चुकवू देऊ नका. दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर मी अजून रात्री लावतो. सुरुवातीचे आठवडे पातळ खाण्याचे असतात. पांढरा रस्सा गाळून चालतो, तांबड्याचं नाव काढू नका, टाके झोंबतात.

आणि विम्याचं आधी बघा. कंपन्या याला दातांचं किंवा सौंदर्याचं काम म्हणून नाकारू शकतात. चावण्या-बोलण्याचा त्रास डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि मंजुरी लेखी आल्यावरच तारीख धरा.