वहिनींच्या नावानं ट्रस्ट काढावा का?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ६२. फौंड्रीची, म्हणजे धातूच्या ओतकामाची, शेड विकली. टॅक्स भरून, जुनी शिल्लक धरून हातात २ कोटी ४० लाख आहेत. पत्नी दोन वर्षांपूर्वी ल्युकेमियानं गेली. दीड कोटी घालून तिच्या नावानं घरचाच ट्रस्ट काढायचा आणि रक्ताच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला पैसे द्यायचे, असं मनात आहे. मुलगा म्हणतो, जरा थांबा.

दवाखान्यात बसून फौंड्रीच्या चलन-पावत्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला प्लेटलेटचे आकडे लिहायचो, ती चलनं अजून जपून ठेवलीत, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून सरळच सांगतो. पैसे जरूर द्या. पण दीड कोटी देऊ नका, आणि ट्रस्टही काढू नका.

आधी घरचं बघू. तुमचा खर्च महिना ६० हजार, म्हणजे वर्षाला ७ लाख २० हजार. दीड कोटी गेले की उरतात ९० लाख; सात टक्क्यांनी ६ लाख ३० हजार येतील. पहिल्याच वर्षी मुद्दलाला हात लागला. उद्या तुमचंच आजारपण निघालं तर ट्रस्टला दिलेला पैसा परत मागता येत नाही.

आता ट्रस्टचं. दीड कोटीवर वर्षाला साडेदहा लाख धरा. करसवलत टिकवायची तर त्यातले ८५ टक्के, म्हणजे साधारण ८ लाख ९२ हजार, कामावर खर्च झाले पाहिजेत. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याचं विद्यावेतन, महिना ३७ हजार आहे. दोन पोरांचे ८ लाख ८८ हजार झाले. घरभाडं, केमिकल्स, ऑडिटरची फी अजून बाकीच आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, प्राप्तिकराची वेगळी नोंदणी आणि तिचं नूतनीकरण, दरसाल ऑडिट, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. आज तुम्ही पळाल, पंच्याहत्तरीत कोण पळणार?

आणि कास्टिंगमधला ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, तुम्ही लांबून ओळखाल, पण संशोधनाच्या प्रस्तावातली खोट घरच्या चार विश्वस्तांना कशी दिसणार? मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियानंच गेल्या. त्यांचे पती दोराबजी टाटांनी १९३२ साली त्यांच्या नावानं काढलेला ट्रस्ट आजही या आजारावरच्या संशोधकांना पैसे देतो, पण तिथं अर्ज तपासायला शास्त्रज्ञांची समिती आहे.

म्हणून माझं मत असं: ८० लाख द्या, १ कोटी ६० लाख स्वतःकडे ठेवा. शिवाजी विद्यापीठाच्या बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेक्नॉलॉजी विभागात, नाहीतर टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात जाऊन वहिनींच्या नावानं कायम फेलोशिप ठेवता येईल का, हे विचारा. ८० लाखांचे वर्षाला ५ लाख ६० हजार येतात. एका विद्यार्थ्याचे ४ लाख ४४ हजार जाऊन १ लाख १६ हजार घरभाड्याला नि प्रयोगाच्या सामानाला उरतात. मुद्दल मोडायचं नाही, हिशेब वेगळा ठेवायचा, वर्षाला कामाचा अहवाल घरी पाठवायचा, हे करारात लिहून घ्या. तोंडी शब्दावर चेक फाडू नका.

टॅक्स वाचेल हा हिशेब मात्र सोडा. शेडवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातून ८०जीची, म्हणजे देणगीवरची, वजावट मिळत नाही, आणि नव्या कर प्रणालीत तर ८०जी नाहीच.

तुमच्या माघारी आणखी काही द्यायचं असेल तर आत्ताच मृत्युपत्रात लिहा, दोन साक्षीदारांसमोर सही करा. विभागप्रमुखांना भेटायला जाताना मुलाला सोबत न्या. ती चलनंही न्या.