मोठी अलॉय चाके आणि नाकारलेला विमा दावा

प्रश्न : माझ्या पेट्रोल हॅचबॅकला मूळचे 185/65 आर15 टायर होते. गेल्या वर्षी चिपळूणच्या एका दुकानातून 17 इंची अलॉय आणि 205/50 आर17 टायर बसवून घेतले. कंट्रोलवर किंवा ॲव्हरेजवर काहीही परिणाम होणार नाही, असे दुकानदार म्हणाला होता. प्रत्यक्षात ॲव्हरेज 19 वरून साडेसोळावर आले. या पावसाळ्यात गुहागरकडे येताना मार्गताम्हान्याच्या पुढे एका वळणावर गाडी घसरून समोरच्या स्कूटरवर गेली. स्कूटरस्वाराचा पाय मोडला आणि माझ्या गाडीचा पुढचा भाग चेपला. ‘वाहनात उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल’ एवढेच कारण देऊन विमा कंपनीने माझा दावा नाकारला. मला कंपनी आणि दुकानदार दोघांवरही तक्रार करायची आहे. यश येईल का? – एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : आपल्या पत्रातली एक अडचण आधी सांगणे भाग आहे, कारण ती सुटल्याशिवाय पुढचे काहीच नीट होणार नाही. विमा कंपनीपुढे आपण म्हणणार की चाकांमुळे काही बिघडले नाही, आणि दुकानदाराविरुद्ध म्हणणार की चाकांनी गाडीचा कंट्रोल आणि ॲव्हरेज दोन्ही घालवले. दोन्ही तक्रारी आयोगात नेल्या तर त्या एकाच जिल्हा ग्राहक आयोगापुढे जातील, दोन्हींसोबत आपले प्रतिज्ञापत्र असेल, आणि विमा कंपनीचे वकील दुकानदाराविरुद्धची तक्रार पहिल्याच तारखेला आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे करतील. म्हणून दोन्हीकडे टिकेल असे एकच खरे म्हणणे आपल्याला आधी ठरवावे लागेल, आणि त्यासाठी या बदलाने गाडीत नेमके काय झाले ते समजून घ्यावे लागेल.

आपल्या जुन्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे 621 मि.मी. होता, नव्याचा सुमारे 637 मि.मी. आहे, म्हणजे वाढ साधारण अडीच टक्के. चाक मोठे झाल्याने तेवढेच अंतर ते कमी फेऱ्यांत कापते, पण मीटर फेऱ्याच मोजतो. त्यामुळे गाडी 100 कि.मी. चालली तर मीटरवर सुमारे 97.6 दिसतात. याचाच अर्थ मीटरवरून काढलेले आपले साडेसोळाचे ॲव्हरेज प्रत्यक्षात 16.9 च्या आसपास आहे. उरलेली दोन कि.मी.ची घट मात्र खरी असू शकते. रिम मोठी झाली की तिचे वजन केंद्रापासून लांब सरकते आणि दर वेळी वेग घेताना इंजिनाला ते फिरवावे लागते, शिवाय टायर 20 मि.मी. रुंद झाल्याने रस्त्याशी घर्षण आणि हवेचा विरोध वाढतो. महिन्याला हजार कि.मी. धरले, तर ही घट सुमारे साडेसहा लिटर पेट्रोलची होते. दुकानदाराविरुद्धच्या तक्रारीत हा हिशेब जसाच्या तसा लिहा. फुगवलेला आकडा उलटतपासणीत टिकत नाही आणि मग उरलेल्या खऱ्या आकड्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

कंट्रोलची बाब याहून नाजूक आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची 120 मि.मी. वरून 102 मि.मी. वर आली. भिंत कमी लवते, म्हणून कोरड्या रस्त्यावर स्टेअरिंगला गाडी अधिक चटकन उत्तर देते, परंतु खड्ड्याचा मार थेट रिमवर आणि सस्पेन्शनवर बसतो. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर याचा अर्थ काय होतो, हे गुहागरच्या माणसाला सांगायला नको. चाकाची त्रिज्या वाढल्याने ब्रेकवर तेवढाच पाय दिला तरी रस्त्यावर पोचणारा जोर अडीच टक्क्यांच्या आसपास कमी होतो. आणि साचलेल्या पाण्यात रुंद टायर, इतर गोष्टी सारख्या असतील तर, अरुंद टायरपेक्षा कमी वेगाला पाण्यावर तरंगू लागतो. म्हणून ‘चाकांमुळे काहीच फरक पडत नाही’ हे वाक्य आपल्या प्रतिज्ञापत्रात येऊ देऊ नका. ते खरे नाही. आपले म्हणणे एवढेच हवे की फरक पडला, पण हा अपघात त्या फरकामुळे झाल्याचे कंपनीने दाखवलेले नाही.

हे म्हणणे कायद्यात बसते का? माझ्या मते बसते, मात्र पूर्ण नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि त्या कलमाच्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे वाहनाचे मूळ स्वरूप पालटणारा रचनेतील बदल, असे म्हटले आहे. खासगी मोटारीच्या आरसीवर टायरचा आकार सहसा नोंदलेला नसतो. म्हणून चाक बदलणे हा कलम 52 चा भंग नव्हे, असा युक्तिवाद करता येतो. त्याच्या विरुद्ध बाजूला दोन गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात उत्पादकाच्या मूळ तपशिलाला फार महत्त्व दिले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम 182अ(4) परवानगी नसलेल्या पद्धतीने सुटे भाग बसवणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगते. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा दरवाज्याच्या खांबावरील स्टिकरवर 17 इंची माप कोणत्याही मॉडेलसाठी दिलेले असेल तर आपली बाजू एकदम भक्कम होते. ते आजच पाहा. टायरवरचा भार-अंक मूळच्यापेक्षा कमी नाही ना, हेही पाहा. मूळ अंक 88 असेल, तर तो प्रति टायर 560 किलोंसाठी असतो.

कायद्याचा भंग झाला असे धरले, तरी दावा आपोआप शून्य होत नाही. अमलेंदु साहू प्रकरणात (2010) सर्वोच्च न्यायालयाने पॉलिसीच्या अटीचा भंग झालेला असतानाही दावा ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने, म्हणजे मान्य रकमेच्या 75 टक्क्यांपर्यंत, निकाली काढण्याचा मार्ग दाखवला. त्यापूर्वी नितीन खंडेलवाल प्रकरणात (2008) भंगाचा आणि नुकसानीचा संबंध नसेल तर संपूर्ण नकार चालणार नाही, असे म्हटले होते. मात्र ते चोरीचे प्रकरण होते आणि आपली गाडी पावसात घसरलेली आहे, म्हणून त्यावर फार विसंबू नका. माझा अंदाज विचाराल तर पूर्ण रकमेची आशा धरू नये, पण तीन-चतुर्थांशाच्या जवळपासची रक्कम मागणे पूर्णपणे रास्त आहे. अलॉय कंपनीला कळवून जादा हप्ता भरलेला नसेल, तर त्यांची किंमत मिळणार नाही. टायरवर प्रमाणित पॉलिसीत एरवीही 50 टक्केच मिळतात.

आपल्या हातातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे कंपनीचे ते तोकडे पत्र. सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स (2019) या निकालानुसार नकाराच्या पत्रात जे कारण नाही ते कंपनीला नंतर आयोगापुढे मांडता येत नाही. चाके बसवल्यानंतर आपण पॉलिसीचे नूतनीकरण केले असेल, तर ‘महत्त्वाची माहिती दडवली’ हा कंपनीचा खरा जोरदार मुद्दा ठरला असता. पत्रात तो नाही. म्हणून कंपनीला भावनेच्या भरात मोठी ईमेल पाठवून तो मुद्दा आपणच सुचवू नका. फक्त सर्व्हेअरच्या (नुकसानीची पाहणी करणाऱ्याच्या) अहवालाची प्रत लेखी मागा.

पुराव्यात सर्वांत वरचे स्थान मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणी अहवालाला आहे. माणूस जखमी झाल्यावर पोलीस गाडी तपासून घेतात, आणि ब्रेक व स्टेअरिंग चालू स्थितीत होते, यांत्रिक दोष नव्हता, असे त्यात लिहिलेले असेल तर कंपनीचा कार्यकारणाचा धागाच तुटतो. तो अहवाल आणि पंचनामा पोलीस ठाण्यातून मिळवा. टायरच्या नक्षीची खोली मोजून फोटो काढून ठेवा; नियमाने ती किमान 1.6 मि.मी. हवी. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत चाके भंगारात किंवा दुकानदाराला देऊ नका, जुनी चाकेही जपून ठेवा. एक धोका मात्र ध्यानात असू द्या : यांत्रिक दोष नव्हता असे ठरले, की भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 (बेदरकारपणे वाहन चालवणे) आणि 125 (इतरांचा जीव धोक्यात आणणे) खालील फौजदारी प्रकरणात वेगाचा प्रश्न आपल्याकडे वळतो. आपल्या फौजदारी वकिलांना हे कागद आधी दाखवा.

स्कूटरस्वाराच्या भरपाईबाबत आपण काहीच विचारलेले नाही, आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटते. पाय मोडलेल्या त्या माणसाला अपघातापासून सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दावा करावा लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 150 मध्ये विमा कंपनीला थर्ड पार्टी (म्हणजे त्रयस्थ जखमीच्या) दाव्यात जे मोजके बचाव दिले आहेत त्यांत चाके बदलल्याचा उल्लेख नाही. ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा, नाकारला म्हणून ही जबाबदारी संपत नाही. नोटीस आली की वेळेत हजर राहा, कंपनीला पक्षकार केले आहे का ते पाहा, आणि गावात बसून परस्पर तडजोडीचा कागद करू नका. अशा कागदाने स्कूटरस्वाराचेही नुकसान होते आणि आपलेही.

दुकानदाराविरुद्धची तक्रार त्याच्या तोंडी हमीवर उभी राहते, म्हणून बिल, व्हॉट्सॲपवरचे संदेश, त्याच्या जाहिरातीचा फोटो, जे असेल ते जमवा. मागणी चाकांची किंमत, वाढलेले पेट्रोल आणि सस्पेन्शनचा खर्च एवढ्यापुरती ठेवा. अपघाताचा खर्च तीत घालू नका, कारण तो घातला की विमा कंपनीविरुद्धचे आपले म्हणणे आपण स्वतःच खोडून काढतो.

रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. विमा लोकपालाकडेही विनाशुल्क जाता येते, परंतु आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते, नकारापासून एक वर्षाची मुदत असते, आणि त्याच विषयाची तक्रार आयोगात चालू असेल तर लोकपाल ती घेत नाहीत. लोकपालाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. म्हणून विम्यासाठी आधी लोकपाल आणि दुकानदारासाठी थेट आयोग, हा क्रम मी सुचवेन.