वाचक विचारतात : जुन्या पॅनल ट्रकखाली नवी चासी

प्रश्न : माझ्याकडे १९५१ चा शेवरोले ३१०० पॅनल ट्रक (मागे बिनखिडक्यांची बंद बॉडी असलेला मालवाहू) आहे. बॉडी ठीक आहे, चासी गंजली आहे. खाली शेवरोले एस-१० पिकअपची चासी घालायची आहे. कोणत्या मापाची घ्यावी? कापावी लागेल का? (ओहायो)

उत्तर : तुमच्या ट्रकचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर) ११६ इंच. एस-१० (१९८२ ते २००४) तीन मापांत मिळते : आखूड हौद्याची १०८.३, लांब हौद्याची ११७.९ आणि मोठ्या केबिनची १२२.९ इंच. टू-व्हील ड्राइव्हची, लांब हौद्याची घ्या.

पिकअपमध्ये केबिन आणि हौदा वेगळे असतात, त्यामुळे इंच-दोन इंचांचा फरक मधल्या फटीत जिरतो. पॅनल ट्रकची बॉडी दारापासून मागच्या टोकापर्यंत एकसंध. मागचे चाक कमानीच्या मध्यावर आले नाही, तर ते कायम डोळ्यांत खुपणार. हा १.९ इंचांचा फरक काढायला चासी कापू नका. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) दोन्ही टोकांचे ब्रॅकेट रिव्हेट घासून मोकळे करा, तेवढे पुढे सरकवा आणि ग्रेड ८ च्या (जास्त मजबूत) बोल्टने आवळा. प्रोपेलर शाफ्टही (गिअरबॉक्सकडून मागच्या अॅक्सलला फिरवणारा दांडा) तेवढा आखूड करून बॅलन्स करून घ्यावा लागेल. १२२.९ वाली स्वस्तात मिळते म्हणून लोक घेतात आणि मग जवळजवळ सात इंच कापून जोडत बसतात. तो जोड पायरीच्या आकारात, आतून पट्टी देऊन आणि चांगल्या वेल्डरकडूनच करावा लागतो.

बॉडी उचलण्याआधी दारांच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइपचे आडवे-तिरके आधार वेल्डिंगच्या छोट्या टाक्यांनी जोडा. नाहीतर चौकट फाकते आणि दारे पुन्हा लागत नाहीत. बॉडी ठेवताना आधी पुढचे चाक मडगार्डच्या मध्यावर आणा, मग मागचे तपासा. ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा. दोन्ही कर्णांत पाव इंचाचाही फरक नको. माउंट (बॉडी चासीवर टेकते ते आधार) नुसते वेल्डिंगच्या टाक्यांवर ठेवा. रेडिएटर सपोर्ट, मडगार्ड, बॉनेट चढवून आणि दारे लावून बघा, आणि मगच बॉडी काढून पक्के वेल्डिंग करा. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, इंजिनचा कंप्युटर काढून ठेवा.

एस-१० चा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर) अरुंद आहे, चाके मडगार्डच्या आत दडलेली दिसतात. ऑफसेट बदललेल्या, म्हणजे चाक बाहेरच्या बाजूला आणणाऱ्या रिम हा त्यावर चांगला उपाय. जुन्या रिम तशाही बसणार नाहीत : त्या सहा बोल्टच्या, ५.५ इंच वर्तुळाच्या. एस-१० च्या पाच बोल्टच्या, ४.७५ इंचांच्या.

प्रश्न : इंजिन ३५० घन इंचांचे व्ही-८ घालावे की एस-१० चेच ४.३ लिटरचे व्ही-६?

उत्तर : आमचे मत ४.३ च्या बाजूने. ते १९८८ पासून एस-१० मध्ये कारखान्यातूनच येत होते, म्हणजे माउंट, वायरिंग, गिअरबॉक्सचा क्रॉसमेंबर (खालची आडवी पट्टी) सगळे जागेवर. ३५० घातले की डावा एक्झॉस्ट स्टीअरिंग शाफ्टला भिडतो, रेडिएटर मोठा लागतो आणि मागचे साडेसात इंची डिफरन्शियल जोरात हाणले तर टिकत नाही. तरीही व्ही-८ च हवे असेल, तर ४.३ ची गाडी शोधा. दोन्हींच्या बेलहाउसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या कव्हरचे) बोल्ट सारखे आहेत, एस-१० च्या लहान २.८ लिटर व्ही-६ चे नाहीत. ७००आर४ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल, तर टीव्ही केबल (थ्रॉटलपासून गिअरबॉक्सला जाणारी) नीट जुळवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. केबल ढिली राहिली की आतल्या तेलाचा दाब कमी पडतो आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरचे क्लच थोड्याच वेळात जळतात.

पिनियनचा (डिफरन्शियलच्या ज्या दांड्याला शाफ्ट जोडतो त्याचा) कोन गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच ठरवा. इंजिन तीन अंश मागे झुकलेले असेल, तर पिनियन तीन अंश वर. दोन्ही अक्ष समांतर नसतील, तर वेग वाढला की थरथर सुरू होते आणि शाफ्टच्या टोकांचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) लवकर जातात.

प्रश्न : जुनी चासी ठेवून फक्त इंजिन बदलले तर? (टेक्सस)

उत्तर : १९५१ च्या ३१०० मध्ये शाफ्ट बंद नळीत, म्हणजे टॉर्क ट्यूबमध्ये फिरतो. ओपन शाफ्टचा गिअरबॉक्स लावायचा, तर मागचा अॅक्सलही बदलावा लागतो. शिवाय विद्युत यंत्रणा ६ व्होल्टची. १२ व्होल्ट केल्यावर बल्ब, हीटरची मोटर बदला. इंधनाचा काटाही फसवतो : जुना गेज ०-३० ओहमचा, नव्वदीच्या दशकातल्या टाकीचा सेंडर ०-९० चा. दोन्ही एकाच मापाचे हवेत.

कागदांकडे आधी बघा. त्या काळात काही राज्यांत टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) इंजिन नंबरावर निघत असे. तसे असेल, तर जुने इंजिन भंगारात देण्याआधी राज्याच्या मोटार वाहन कार्यालयात चौकशी करा. वाहन ओळख क्रमांकाची (व्हीआयएन) पट्टी एका वाहनावरून काढून दुसऱ्यावर लावणे गुन्हा आहे. दोन्ही गाड्यांचे टायटल आणि खरेदीपावत्या जपा.

प्रश्न : असे काम पुण्यात करता येईल का?

उत्तर : व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार वाहन ५० वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपातले हवे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. साध्या नोंदणीच्या गाडीलाही गाडीत बदल करण्यावर बंधन घालणारे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते, त्यामुळे आरटीओची लेखी परवानगी हातात पडेपर्यंत पाना उचलू नका.