'सूचित सहमती' की 'संमती'?

रामबागेतील एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या वडिलांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर इंदूरच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात ठेवले होते. ते व्हेंटिलेटरवर असताना एका औषधाच्या चाचणीत त्यांना सहभागी करून घेण्याविषयी घरच्यांना विचारण्यात आले. हिंदी कागदाचे शीर्षक 'सूचित सहमति पत्र' (इंग्रजीतले 'इन्फॉर्म्ड कन्सेन्ट', म्हणजे माहिती घेऊन दिलेला होकार) असे होते आणि मराठी प्रत मागितल्यावर जी हाती आली, तिच्यावर 'सूचित सहमती पत्र' असे छापलेले होते. मराठीत येथे 'सहमती' म्हणावे की 'संमती', 'सूचित' हा शब्द चालेल का, आणि वडील शुद्धीवर नसताना मुलाने केलेल्या सहीला नेमके काय म्हणावे, असे त्यांचे विचारणे आहे.

'सहमती'चा उलगडा तुलनेने सोपा आहे. अडचण 'सूचित'मध्ये अधिक आहे, म्हणून आधी त्याचा विचार करू. हिंदीत 'सूचना' म्हणजे माहिती आणि 'सूचित करना' म्हणजे कळवणे. मराठीत 'सूचना' म्हणजे काय करावे याविषयीचे सांगणे: डॉक्टरांच्या सूचना पाळायच्या असतात, आणि सभेत एखाद्याची 'एक सूचना' असते. २००५ च्या कायद्याला हिंदीत 'सूचना का अधिकार' म्हणतात, पण मराठीत त्याचा 'माहितीचा अधिकार' झाला. तिथे भाषांतरकाराने मूळ शब्द तसाच उचलला असता, तर सरकारला सूचना करण्याचा अधिकार नागरिकांना मिळाला आहे असा लोकांचा समज झाला असता! दोन्ही भाषा दिवसभर कानांवर पडत असल्यामुळे आपणा इंदूरकरांना हा फरक पटकन जाणवत नाही, एवढेच.

आता 'सूचित' हे विशेषण पाहा. 'आपणांस सूचित करण्यात येते की' असे सरकारी पत्रांत आढळते, हे खरे आहे. पण विशेषण म्हणून हा शब्द आला की मराठी वाचकाच्या मनात 'उघड न बोलता सुचवलेले, ध्वनित केलेले' हाच अर्थ उभा राहतो. कवितेचा वाच्यार्थ वेगळा आणि सूचित अर्थ वेगळा, असे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. त्यामुळे 'सूचित संमती' म्हणजे मराठीत न बोलता, वागण्यातून कळणारी संमती ठरते. अशी संमतीही वैद्यकात असते. रक्तदाब मोजायला परिचारिका पट्टा घेऊन आली की आपण काही न बोलता बाही वर सारतो आणि हात पुढे करतो. ती खरी सूचित संमती होय. औषधाच्या चाचणीत मात्र नेमकी हीच चालत नाही. भारतात २०१९ पासून लागू असलेल्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल यांसंबंधीच्या नियमांप्रमाणे संमती लेखी घ्यावी लागते, आणि रुग्णाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदारही लागतो. म्हणजे कागदाच्या शीर्षकात जे छापले आहे, त्याचा मराठी अर्थ कागदाच्या हेतूच्या थेट उलट निघतो. 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन मराठीत म्हणीसारखे वापरले जाते. पण व्हेंटिलेटरची नळी तोंडातून घातली की ती स्वरतंतूंमधून श्वासनलिकेत जाते आणि पूर्ण जागा असलेला रुग्णही बोलू शकत नाही. अशा ठिकाणी 'सूचित' शब्द ठेवणे मला धोक्याचे वाटते.

पर्याय म्हणून 'माहितीपूर्ण संमती' हा शब्दप्रयोग बराच रूढ झाला आहे. तो चुकीचा नाही, पण माहितीपूर्ण असतो तो लेख किंवा ग्रंथ. येथे माहिती संमतीत नसून संमती देणाऱ्या माणसाला असावी लागते. 'पूर्वसूचित' तर त्याहून वाईट, कारण त्यातून आगाऊ नोटीस दिल्याचा भास होतो. माझ्या मते 'समजून-उमजून दिलेली संमती' हे सर्वांत स्वच्छ मराठी आहे. शीर्षक आटोपशीर हवे असेल तर नुसते 'संमतिपत्र' पुरते आणि पहिल्या वाक्यात 'मला माहिती देण्यात आली व ती मला समजली' असे लिहिता येते. आपल्याकडच्या जुन्या खरेदीखतांत आणि मृत्युपत्रांत 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता लिहून देतो' अशी ठरलेली वाक्यरचना असते. राजीखुशीत स्वेच्छा आली आणि अक्कलहुशारीत निर्णयक्षमता आली. त्या दस्तऐवजांत लिहून देणाऱ्याला व्यवहार ठाऊक आहे असे गृहीत धरलेले असते. चाचणीत मात्र समजावून सांगण्याची जबाबदारी संशोधकावर असते, तेवढी भर त्या जुन्या वाक्याला घालावी लागेल.

ही जबाबदारी कायद्यात घट्ट होण्याशी आपल्या शहराचा संबंध आहे. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने औषधचाचण्यांविषयी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती आणि २०१३ मध्ये त्या प्रकरणात न्यायालयाने संमती घेण्याच्या प्रक्रियेचे दृक्श्राव्य मुद्रण करण्यास सांगितले. आजच्या नियमांत ही अट असुरक्षित (म्हणजे सहज दबावाखाली येऊ शकणाऱ्या) गटांतील व्यक्तींवरील, नव्या रासायनिक वा रेणवीय घटकाच्या, म्हणजे अगदी नव्या औषधद्रव्याच्या चाचण्यांपुरती आहे. कॅमेऱ्यासमोर डॉक्टरांना बोलावे लागते, आणि बोलताना 'सूचित सहमती' कोणाच्याही तोंडून सहज निघणार नाही. 'तुम्हाला नीट समजलं ना, मग तुमची तयारी आहे का?' असेच वाक्य निघेल.

आता 'सहमती'. हिंदीत 'सहमति' देता येते, मराठीत सहमती 'होते'. राजकीय पक्षांत जागावाटपावर सहमती होते, दोन भावांत घराच्या वाटणीवर सहमती होते; तिला किमान दोन समान बाजू लागतात आणि मतांचा मेळ लागतो. संमती मात्र एक जण देतो, दुसरा घेतो, आणि देणाऱ्याला ती काढूनही घेता येते. चाचणीतल्या रुग्णाचा हा मोठा हक्क आहे: कोणतेही कारण न सांगता त्याला केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे त्याच्या उपचारांत उणीव ठेवता येत नाही. 'संमती काढून घेतली' हे मराठी वाक्य आहे. 'सहमती काढून घेतली' हे कानाला खटकते. शिवाय रुग्णाने डॉक्टरांच्या मताशी सहमत व्हावे अशी येथे अपेक्षाही नसते. ते औषध आपल्याला लागू पडेल असे त्याला वाटत नसले तरी तो संमती देऊ शकतो. 'संमती' या शब्दामागे मराठीत सार्वजनिक वादाचा इतिहासही आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर्षे केले, तेव्हा 'केसरी'तून टिळक आणि 'सुधारक'मधून आगरकर एकमेकांविरुद्ध उभे होते; तेव्हापासून हा शब्द कायद्याच्या मराठीत पक्का बसलेला आहे. त्याच 'संमतिवया'वरून लेखनाचा नियमही लक्षात ठेवता येतो: सुटा शब्द 'संमती' दीर्घ, पण समासात 'संमतिपत्र' ऱ्हस्व आणि जोडून.

'परवानगी' हा शब्दही या कागदांत सरसकट वापरला जातो. परवानगी अधिकार असलेला देतो. औषध नियंत्रक चाचणीला परवानगी देतात, नीतिसमिती (संशोधन नैतिक आहे का हे तपासणारी समिती) चाचणीच्या आराखड्याला मान्यता देते आणि रुग्ण स्वतःच्या शरीरापुरती संमती देतो. 'नातेवाइकांची परवानगी' असे छापले की रुग्ण घरच्यांच्या मालकीचा असल्यासारखा अर्थ होतो. मुलाच्या सहीसाठी कायद्यात वेगळी जागा आहे: तो कायद्याने ग्राह्य प्रतिनिधी म्हणून सही करतो. मराठीत त्याला 'वडिलांच्या वतीने दिलेली संमती' म्हणावे. 'वतीने' हा शब्द आवश्यक आहे, कारण मुलाला काय वाटते हे येथे विचारलेले नसते. वडिलांनी काय म्हटले असते, हे विचारलेले असते. आपल्याला मिळालेल्या कागदावर 'मी या चाचणीत सहभागी होत आहे' असे वाक्य असून खाली मुलाची सही असेल, तर तो मसुदाच चुकीचा आहे.

नातेवाईक गाठण्याइतकाही वेळ नसेल तेव्हा काय, हा हृदय अचानक बंद पडलेल्या रुग्णांवरील संशोधनातला कळीचा प्रश्न आहे. ब्रिटनमधील पॅरामेडिक-२ या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या सुमारे ८,००० रुग्णांना रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांनी ॲड्रेनालिन हे औषध किंवा तुलनेसाठी नुसते सलाइन टोचले. त्या क्षणी संमती घेणे अशक्य होते, म्हणून ती आधी न घेता वाचलेल्यांशी वा त्यांच्या घरच्यांशी नंतर संपर्क साधला गेला. ३० दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण ॲड्रेनालिन गटात ३.२ टक्के आणि दुसऱ्या गटात २.४ टक्के होते. मात्र जगलेल्यांपैकी मेंदूला तीव्र इजा झालेले पहिल्या गटात ३१ टक्के आणि दुसऱ्यात सुमारे १८ टक्के होते. असे आकडे पाहिल्यावर 'विचारले असते तर त्याने हो म्हटलेच असते' असे कोणाविषयी गृहीत धरायचे?

अशा नंतर घेतलेल्या संमतीला 'विलंबित संमती' म्हणण्याची सूचना एका परिचितांनी केली होती. इंदूरकराला विलंबित म्हटले की अमीर खाँसाहेबांचा संथ लयीतला ख्याल आठवतो, ते सोडा. पण शब्दातही खोट आहे. विलंबित म्हणजे उशिरा आलेली, तरी आलेली. औषध टोचून झाल्यावर टोचण्याला संमती देता येत नाही, ती पुढच्या पाहणीलाच देता येते. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणाऱ्या हेलसिंकी घोषणापत्राची भूमिकाही अशीच आहे: प्रतिनिधी उपलब्ध नसेल आणि संशोधन थांबवता येत नसेल, तर नीतिसमितीने मान्य केलेल्या आराखड्यानुसार ते सुरू करता येते, पण त्यात पुढे राहण्याची संमती लवकरात लवकर घ्यावी लागते. म्हणून 'पुढे सहभागी राहण्याची संमती' हे थोडे लांब असले तरी खरे नाव आहे.

आपल्या वडिलांसारख्या रुग्णाला शुद्ध आल्यावर द्यायच्या कागदावर असे वाक्य असावे: 'मी शुद्धीवर नसताना माझ्या मुलाने माझ्या वतीने संमती दिली व मला या चाचणीत सहभागी करून घेण्यात आले, ही माहिती मला देण्यात आली व ती मला समजली. यापुढे सहभागी राहण्यास मी संमती देतो / देत नाही.' यातले 'देत नाही' हे शब्द 'देतो' इतक्याच ठळक अक्षरांत छापावेत.